वाचकांचे प्रश्न : राणी बुडाली, हे सांगते कोण?

या वेळच्या टपालात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतून आलेली पाच पत्रे एकाच विषयावरची निघाली, म्हणून हे सदर त्यांनाच दिले आहे. अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर मराठीत विकीवर, म्हणजे कोणालाही बदल करता येणाऱ्या संकेतस्थळावर, लेख लिहिणारी ही मंडळी एकमेकांना बहुधा भेटलेली नसतात, तरीही एकाच परिच्छेदात चौघांचे हात असतात, आणि अडचणींचा उगम तिथेच आहे. पत्रे थोडी आवरती करून छापली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि संबंधित कादंबऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे जण मराठी विकिपीडियावर एका इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरीमालिकेचा लेख लिहीत आहोत. मी मालवणचा, दुसरे गृहस्थ कुडाळचे, तिसऱ्या बाई चिपळूणच्या आणि चौथा मुलगा मूळचा हर्णैचा, पण सध्या शिक्षणासाठी पुण्यात असतो. मालिकेचे पाच खंड आहेत. दुसऱ्या खंडात समुद्रकिल्ल्याची राणी वादळात बुडते, पण पाचव्या खंडात एक म्हातारी नावाडीण ‘ती राणी मीच’ असे सांगते. मी ‘राणीचा मृत्यू’ असा विभाग लिहिला होता. पुण्याच्या मुलाने तो काढून ‘राणी जिवंत आहे’ असे लिहिले, मी ते उलटवले, म्हणजे आधीची आवृत्ती परत आणली, त्याने पुन्हा उलटवले, आणि हे आठवडाभर चालले. कुडाळचे गृहस्थ दोघांनाही ‘तुमचे बरोबर’ म्हणतात. चिपळूणच्या बाईंनी लिहिणेच सोडून दिले आहे. लेख मी सुरू केला आणि निम्म्याहून अधिक मजकूर माझा आहे, तेव्हा अखेरचा शब्द कोणाचा असावा? (एक वाचक, मालवण)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. अखेरचा शब्द कोणाचाच नसतो. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी लोकांसमोर ठेवली, तेव्हा होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या बसच्या नावावरून त्यांनी ‘विकी विकी’ हा ‘चटकन’ या अर्थाचा हवाई भाषेतला शब्द उचलला. वाचणाऱ्याला चूक दिसली की त्याने तिथल्या तिथे, कोणाची परवानगी न घेता ती दुरुस्त करावी, ही त्यामागची कल्पना होती. आपण ‘बदल प्रकाशित करा’ ही कळ दाबता, तेव्हा इतरांनी आपला मजकूर बदलावा याला आपण त्याच क्षणी संमती दिलेली असते. कोकणात राहून हे पचवणे जड जाते, हे मला मान्य आहे, कारण बांधावरच्या एका माडासाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढणारी आपली माणसे आहेत. परंतु लेखाला सातबारा नसतो. आपले श्रम पानाच्या ‘इतिहास’ या भागात तारीख-वेळेसह नोंदलेले असतात, तिथून ते कोणी सामान्य संपादक पुसू शकत नाही, आणि आपला हक्क म्हणायचा तर तेवढाच.

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. आपल्या पत्रात ‘राणी वादळात बुडते’ असे एक वाक्य आहे. मला ते वाचताच शंका आली की हे नेमके कोण सांगते. दुसरा खंड पुन्हा उघडून ते प्रकरण वाचावे, अशी माझी विनंती आहे. निवेदक स्वतः राणीला बुडताना दाखवतो, की खलाशी दरबारात येऊन ‘गलबत फुटले, राणी गेली’ अशी वार्ता देतात? तसेच पाचव्या खंडात नावाडीण स्वतःला राणी म्हणवते, यापुढे जाऊन निवेदक त्याला कुठे दुजोरा देतो का? निवेदकाचे सांगणे, पात्राचे सांगणे, नंतरच्या खंडाने आधीच्या खंडाला दिलेला धक्का आणि संपादकाने स्वतः काढलेला निष्कर्ष या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या अनुभवात अद्भुतरम्य कादंबरीवरच्या लेखांतली बहुतेक भांडणे या चारांची सरमिसळ झाल्यामुळेच लागतात. कोण सांगते ते वाक्यातच लिहिले, की दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी सुखाने नांदतात. ‘दुसऱ्या खंडात राणी वादळात बुडाल्याची वार्ता खलाशी दरबारात आणतात, पाचव्या खंडात एक नावाडीण आपणच ती राणी असल्याचे सांगते’ असे लिहिले, तर यात आपण खोडाल असे काय आहे, आणि पुण्याचा मुलगा खोडील असे तरी काय आहे? विभागाचे शीर्षक मात्र बदलावे लागेल. ‘राणीचा मृत्यू’ हे शीर्षक निकाल देऊन मोकळे होते, तर ‘राणीचे नाहीसे होणे’ हे शीर्षक कादंबरी जेवढे सांगते तेवढेच सांगते.

हा घोळ फक्त आपल्या मालिकेत आहे असे समजू नये. टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत गुहेतला गॉलम कोड्यांच्या पैजेत हरल्यास आपली अंगठी बक्षीस देण्याचे कबूल करतो. पुढे त्याच अंगठीवर मोठी कथा उभी करायची ठरल्यावर ते प्रकरण जुळेना, म्हणून १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते बदलले गेले, आणि आता हरल्यावर गॉलमने फक्त बाहेरची वाट दाखवायची, असे ठरले. गंमत अशी, की १९५४-५५ मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुढच्या ग्रंथाच्या उपोद्घातात लेखकाने जुनी हकीकतही वाया जाऊ दिली नाही. ती हकीकत ‘द हॉबिट’च्या नायकाने आपल्या सोबत्यांना सांगितलेली आणि स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलेली खोटी हकीकत होती, असा खुलासा तिथे येतो. आता कोणी संपादक ‘गॉलमने अंगठी पैजेवर लावली’ असे लिहील आणि दुसरा ते खोडील, तर दोघांच्याही हातात खरी पुस्तके असतील. कोणती आवृत्ती आणि कोणाचे कथन, हे वाक्यात नाही म्हणून तो वाद होईल.

आपल्याकडे तर याचा आदर्श फार जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ते १९६६ साली पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्या त्या पंडितांमध्ये मतभेद नसतील असे कोण म्हणेल? त्यांनी वर स्वीकृत पाठ दिला आणि खाली, कोणत्या पोथीत काय वेगळे आहे, ते पोथीच्या खुणेसह नोंदवले, त्यामुळे एखाद्या पंडिताला संपादकाचा निर्णय पटला नाही तरी त्याला हवा असलेला पाठ त्याच पानावर तळाशी सापडतो. चार संपादकांच्या विकी-लेखाला एवढा पसारा नको. पण पाठभेद दडपायचा नाही, त्याला त्याच्या जागी बसवायचे, ही रीत घेण्यासारखी आहे.

प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो. उलटवणे आज थांबवावे. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवला, तर संपादन करण्यापासून रोखले जाऊ शकते. पण तीनपर्यंत मुभा आहे, असा त्या नियमाचा अर्थ तिथले जाणते लोक लावत नाहीत, आणि आपणही लावू नये. एकाने धीटपणे बदल करावा, दुसऱ्याला तो पटला नाही तर त्याने एकदा उलटवावा, आणि त्यानंतर दोघांनीही लेखाला हात न लावता त्याला जोडलेल्या चर्चापानावर यावे, एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ झाले. चर्चापानावर ‘आपण चुकीचे लिहिले आहे’ अशी सुरुवात करू नये. खंड, प्रकरण, पृष्ठ आणि आपण सुचवीत असलेले नेमके वाक्य, एवढेच लिहावे, आणि शेवटी चार नागमोडी चिन्हे (~~~~) टंकावीत, म्हणजे सही आणि वेळ आपोआप उमटते. वाक्यच समोर ठेवले की समोरच्याला त्यातला शब्द बदलून दाखवता येतो. नुसते मत ठेवले तर त्याला फक्त आपल्याशी असहमत होता येते.

बदल करताना खाली ‘सारांश’ नावाची एक चौकट येते, ती रिकामी सोडण्याची सवय आपणा सर्वांना आहे. ती मोडावी. ‘खंड ५, प्रकरण १२ नुसार दुरुस्ती’ एवढे सहा-सात शब्द असले, तरी पुढचा माणूस उलटवण्याआधी पुस्तक उघडतो. माझ्याच हातून घडलेले सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नवख्या सदस्याने एका काल्पनिक जहाजाचे नाव बदलले, सारांश दिला नाही, आणि मी तो बदल उत्पात समजून क्षणात उलटवला. महिन्याभराने ते पुस्तक हाती आले तेव्हा त्याचेच नाव बरोबर निघाले. मी दुरुस्ती केली, त्याच्या चर्चापानावर क्षमा मागितली, पण तो सदस्य पुन्हा फिरकला नाही.

कुडाळच्या गृहस्थांविषयी थोडे. विकीवर निर्णय सहमतीने होतात, हे खरे. पण ही सहमती म्हणजे गाऱ्हाण्यातले ‘व्हय म्हाराजा’ नव्हे. गाऱ्हाण्यात एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी होकार भरायचा, हे देवापुढे शोभते. चर्चापानावर दोन्ही बाजूंना होकार भरणारा माणूस भला असतो, परंतु त्याच्या होकाराने काम तसूभर पुढे सरकत नाही. ‘आपल्याला कोणते वाक्य चालेल ते लिहून द्या’ असे त्यांना नम्रपणे विचारावे. बहुधा तेच आपल्या दोघांच्या मधले वाक्य लिहितील. मतदान मात्र घेऊ नये, कारण राणी बुडाली की नाही हे तीन विरुद्ध एक अशा मतांनी ठरत नाही.

आणि सर्वांत आधी, माझ्या मते चर्चापानाच्याही आधी, चिपळूणच्या बाईंना लिहावे. दोघांच्या उलटवाउलटवीत त्यांनी केलेल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या किती वेळा वाहून गेल्या, हे इतिहासात पाहावे. एका परिच्छेदावरून भांडणारे दोघे ‘जुनी आवृत्ती परत आणा’ म्हणतात, तेव्हा त्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये तिसऱ्याने केलेले कामही बुडते, आणि त्याला तर वादाशी देणेघेणेही नसते. वाद एका वाक्याचा असेल तर तेवढे वाक्यच हाताने बदलावे. संपूर्ण पान मागे नेऊ नये.

यापुढे काम कसे वाटून घ्यावे, असे आपण विचारलेले नाही, तरी सुचवतो. दशावतारी नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. खेळाआधी आख्यान कोणते, कोणी काय घ्यायचे आणि प्रसंगांचा क्रम कसा, एवढे ठरते, आणि मग रंगमंचावर जो तो आपली भाषणे आयत्या वेळी रचतो. ठरलेल्या गोष्टी थोड्याच असतात, पण त्या ठरल्याशिवाय कोणी रंगून उभा राहत नाही. लेखाचेही तसेच करावे. विभागांचा क्रम, कथानक किती शब्दांत, नावांचे लेखन आणि काळ या चार गोष्टी चर्चापानावर आधी ठरवाव्यात. काळाविषयी प्रघात असा, की कथेतील घटना वर्तमानकाळात आणि जगातील घटना भूतकाळात लिहाव्यात: राणी किल्ला सोडते, परंतु दुसरा खंड प्रकाशित झाला. हा भेद पाळला की वाचकाला कुठे कादंबरी संपते आणि कुठे जग सुरू होते, ते न सांगता कळते.

एक शेवटची, फक्त आपल्या किनाऱ्यापुरती सूचना. पावसाळ्यात तासभर लिहीत बसून मग एकदम जतन करू नये. वीज गेली की तो तास गेला. शिवाय दोघांनी एकाच वेळी पान उघडलेले असेल, तर नंतर जतन करणाऱ्याला आपला मजकूर पहिल्याच्या मजकुराशी हाताने जुळवावा लागतो. म्हणून एका वेळी एकच विभाग उघडावा, थोडे लिहावे आणि जतन करावे. मोठी फेररचना करायची असेल, तर ती आधी आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या स्वतःच्या पानावर, करून सोबत्यांना दाखवावी.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आमच्या गटाच्या लेखात एकाच काल्पनिक बंदराचे नाव तीन प्रकारे लिहिलेले आहे. त्याहून विचित्र म्हणजे, ‘खाऱ्या’ या शब्दाने सुरू होणारे एक पान मला समोर दिसत असते, परंतु तेच नाव मी टंकून त्या पानाचा दुवा दिला की दुवा लाल दिसतो, म्हणजे असे पान नाहीच, असे यंत्र सांगते. माझे काही चुकते आहे का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : आपले काही चुकत नाही. दोष त्या अर्ध्या ‘र’चा आहे. मराठीत दर्या आणि दऱ्या, आचार्य आणि आचारी यांची रूपे (आचार्यांना, आचाऱ्यांना) वेगळी दाखवण्यासाठी आपण आडव्या रेघेसारखा अर्धा ‘र’ लिहितो. संगणकावर तो दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेले ‘ऱ’ हे अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते निराळे शब्द आहेत. कळफलक वेगळे असले की एकाच गटातली दोन माणसे नकळत दोन वेगळी शीर्षके टंकतात, आणि एकाच बंदराची दोन पाने तयार होतात. ‘ॲ’चेही असेच आहे. एखाद्या कळफलकावर ते एकच अखंड अक्षर असते, तर दुसऱ्यावर ‘अ’वर चंद्र चढवून ते तयार होते. समुद्रावरच्या अद्भुत कथेत खाऱ्या, वाऱ्या, दऱ्या, किनाऱ्या हे शब्द किती वेळा येतात, याचा विचार केला तर आपल्या गटाला हा त्रास इतरांहून अधिक होणार, हे उघड आहे.

उपाय असा, की गटाने एक रूप प्रमाण मानावे, पानाचे शीर्षक त्या रूपात ठेवावे आणि दुसऱ्या रूपाचे पान तयार करून ते पहिल्याकडे पुनर्निर्देशित करावे. हाच उपाय नावाच्या तीन लेखनांनाही चालतो. आपल्या गावाचेच पाहा ना: कोणी वेंगुर्ले लिहितो, कोणी वेंगुर्ला, आणि दोघांचीही पत्रे पोचतात. पुनर्निर्देशन म्हणजे ही पोस्टमनची समज यंत्राला शिकवणे होय.

तीनपैकी मुख्य नाव कोणते ठेवावे, यावर माझे मत ठाम आहे. पुस्तकाचा छापील मराठी अनुवाद उपलब्ध असेल, तर अनुवादकाने वापरलेले लेखन घ्यावे, ते आपल्याला आवडो वा न आवडो, कारण मराठी वाचक ते नाव घेऊनच शोधायला येणार आहे. अनुवाद नसेल, तर लेखकाने स्वतः उच्चाराविषयी काही सांगितले आहे का ते पाहावे. बऱ्याच मोठ्या मालिकांच्या शेवटी अशी परिशिष्टे असतात. अर्थवाही नावांचे मराठीकरण करण्याचा मोह मात्र आवरावा. ‘काळोखी खाडी’ हे नाव कितीही गोड वाटले, तरी मूळ पुस्तक वाचलेल्याला ते ओळखू येणार नाही. मूळ नाव देवनागरीत लिहावे आणि पहिल्याच उल्लेखात त्याचा अर्थ एकदा सांगावा. ठरलेल्या नावांची यादी चर्चापानाच्या वरच्या टोकाला ठेवावी. आपण शिक्षिका आहात, तेव्हा ती यादी आपल्या ताब्यात असणे लेखाच्या हिताचे ठरेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. एका इंग्रजी चाहता-विकीवरचे (कादंबरीच्या चाहत्यांनी चालवलेल्या विकीवरचे) लेख ती रात्री जागून मराठीत आणते. ‘हे सगळे मोफतच असते’ असे ती म्हणते. हे कायद्याला धरून आहे का? (एक पालक, दापोली)

उत्तर : बरेचसे आहे, पण ‘मोफत’ हा शब्द इथे फसवा आहे. विकिपीडियाचा मजकूर जून २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी ‘श्रेयनिर्देश आणि समान परवाना’ या प्रकाराच्या ४.० आवृत्तीखाली दिला जातो. मजकूर कोणीही घ्यावा, बदलावा, अनुवादित करावा. अट एवढीच, की मूळ लेखकांना श्रेय द्यावे आणि नवा मजकूरही त्याच अटींवर इतरांना खुला ठेवावा. अनुवाद जतन करताना सारांशाच्या चौकटीत मूळ विकीचे आणि पानाचे नाव दुव्यासह लिहिले, की ही अट पाळली जाते. आपल्या कन्येने आजवर ते लिहिले नसेल, तर त्या त्या लेखाच्या चर्चापानावर आताही लिहिता येईल. चाहता-विकींचे परवाने मात्र सर्वत्र सारखे नसतात. पानाच्या तळाशी जो परवाना छापलेला असेल तो वाचूनच पुढे जावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. विकीच्या संपादकांनी स्वतः लिहिलेला मजकूर खुला असतो, मूळ कादंबरी खुली नसते. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरही साठ वर्षे हक्क टिकतो. त्यामुळे कादंबरीतील प्रसंग प्रकरणवार, संवादांसह पुन्हा सांगत गेल्यास तो लेख न राहता पुस्तकाची संक्षिप्त प्रत होऊ लागते. इंग्रजी विकिपीडियाचा संकेत असा, की संपूर्ण कादंबरीचे कथानक साधारण चारशे ते सातशे शब्दांत आटोपावे. मराठीतही हे प्रमाण शोभून दिसते. मुखपृष्ठाचे चित्र विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रांच्या सामायिक भांडारावर चढवू नये, स्वामित्वहक्क चालू असलेली मुखपृष्ठे तिथून काढली जातात. जागरणाविषयी सल्ला देण्याचा अधिकार या सदराला नाही.

प्रश्न : तिसऱ्या खंडातल्या युवराजाचा खरा बाप जादूगारच आहे, हे मी खुणांवरून सिद्ध करू शकतो. माझा सहसंपादक ते लेखातून दर वेळी काढून टाकतो. (एक वाचक, देवगड)

उत्तर : आपला सहसंपादक योग्य करतो. खुणा पुस्तकातल्या असल्या, तरी त्या जोडून काढलेला निष्कर्ष आपला आहे. एखाद्या समीक्षकाने तो छापील लेखात मांडला असेल, तर ‘अमुक समीक्षकाच्या मते’ असे म्हणून तो घेता येईल. तोवर एकेक शब्द हळूच आत सरकवत राहणे म्हणजे बांध कोरणे होय, आणि इतिहास उघडल्यावर ते सगळे दिसते.

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय ७४. नातवाला वाचून दाखवता दाखवता एका अद्भुत कादंबरीमालिकेचे चारही खंड माझे तीनदा वाचून झाले. लक्षात राहावे म्हणून प्रत्येक पात्र, गाव, नदी आणि शस्त्र यांची अकारविल्हे नोंद मी एका जाड वहीत केली आहे, प्रत्येकापुढे पृष्ठक्रमांकही आहेत. संगणक मला येत नाही. नातू म्हणतो की विकीवाल्यांना याचा उपयोग होईल. खरे आहे का, की तो माझे मन राखतो आहे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नातू खरे बोलतो आहे. या अंकातली बाकीची पत्रे आपण वाचली असतील, तर ध्यानात आले असेल की सगळ्यांची अडचण ‘हे पुस्तकात नेमके कुठे आहे’ याच प्रश्नाशी येऊन थांबते. वाक्य कोणालाही लिहिता येते, पण त्या वाक्याचे पृष्ठ शोधायला चारशे पाने पुन्हा चाळावी लागतात, आणि तो कंटाळा आला म्हणूनच संपादक आठवणीवर विसंबून लिहितात व मग भांडतात. आपली वही ज्या गटाच्या हाती असेल, त्या गटात असे वाद पाच मिनिटांत मिटतील.

संगणक न येण्याने काही अडत नाही. नातवाने वहीच्या पानांची मोबाइलवर स्वच्छ छायाचित्रे काढून सोबत्यांना पाठवावीत, किंवा त्याने टंकावे आणि आपण शेजारी बसून सांगावे. नोंद आपली आहे, हे सारांशात लिहायला त्याला सांगावे. आपल्याला हवे असल्यास स्वतःचे सदस्यखातेही उघडता येईल, त्याला खरे नाव देणे बंधनकारक नसते. रत्नागिरीला १८२८ सालापासून नगर वाचनालय आहे. गटातली जवळपासची माणसे महिन्यातून एकदा पुस्तके आणि ही वही घेऊन एका टेबलाशी बसली, तर चर्चापानावर आठवडाभरात होत नाही तेवढे काम एका दुपारी होऊ शकेल. मात्र तिथे जे ठरेल, ते त्याच संध्याकाळी चर्चापानावर लिहून ठेवावे, कारण न आलेल्या संपादकालाही आक्षेप घेण्याचा तेवढाच अधिकार आहे.

वहीत दोन सुधारणा कराव्यात. पृष्ठक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. कठीण बांधणीच्या प्रतीतले पृष्ठ २१० खिशात मावणाऱ्या प्रतीत २६० च्या आसपासही जाऊ शकते. म्हणून निदान वादाच्या ठरू शकतील अशा नोंदींपुढे प्रकरणाचा क्रमांकही घालावा, तो बदलत नाही. दुसरे म्हणजे, एखादी गोष्ट निवेदक सांगत नसून पात्र सांगत असेल, तर त्या नोंदीपुढे पेन्सिलीने त्या पात्राचे आद्याक्षर लिहावे. आणि वहीच्या पहिल्या पानावर चारही खंडांचे प्रकाशक, आवृत्ती आणि साल लिहून ठेवावे, छायाचित्रे काढताना नातवाने ते पान विसरू नये.